जॉन कॉन्स्टेबल आणि आकाशाचे वाचन

इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) याने जन्मात कधी इंग्लंडबाहेर पाऊल टाकले नाही. होतकरू चित्रकाराने इटलीची वारी करावी, तेथील भग्न मंदिरे रंगवावीत, असा तो काळ. कॉन्स्टेबलला मात्र सफोक परगण्यातील आपले ईस्ट बर्गहोल्ट हे गाव आणि स्टाउर नदीचा काठ एवढा टापू जन्मभर पुरला.

वडील धान्याचे व्यापारी. फ्लॅटफर्डची पाणचक्की त्यांच्या मालकीची होती. चित्रकलेकडे पूर्णपणे वळण्यापूर्वी जॉनने सुमारे वर्षभर पवनचक्कीवर काम केले. माझ्या मते हे वर्ष पुढील शिक्षणाइतकेच मोलाचे ठरले. चक्कीवाल्याला आकाश पाहूनच शिडे सोडावी वा आवरावी लागतात. वादळाचा ढग ओळखता आला नाही, तर पाती मोडण्याचा धोका. जॉनने रंगविलेली चक्की फिरेल अशी खात्री वाटते, असे त्याचा भाऊ अब्राम म्हणत असे. तो स्वतः गिरण्या चालवी, तेव्हा हा अभिप्राय जाणकाराचाच समजावयाचा!

१७९९ मध्ये तो लंडनच्या रॉयल अकादमीत दाखल झाला. १८०२ मध्ये लष्करी महाविद्यालयात चित्रकला-शिक्षकाची जागा चालून आली असता ती त्याने नाकारली. (आम्हां शिक्षकांनी याचा राग मानू नये.) त्याच सुमारास गावच्या एका मित्रास त्याने कळविले की, दोन वर्षे आपण इतरांच्या चित्रांमागे धावलो व सत्य उसने घेत राहिलो, आता निसर्गासमोरच बसावयाचे.

ही प्रतिज्ञा त्याने कशी पाळली, ते १८२१ व १८२२ या वर्षांतील मेघचित्रांवरून कळते. लंडननजीक हॅम्पस्टेडच्या टेकडीवर बसून त्याने कागदावर तैलरंगात ढगांचे अनेक अभ्यास केले. कित्येकांत जमीनच नाही, नुसते आकाश. मागील बाजूस तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा यांची टिपणे आहेत. पुढे हवामानशास्त्रज्ञांनी ती त्या दिवसांच्या नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा त्यांत बराच मेळ आढळला. आपल्या शाळांतून दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य आणि वर निळी पट्टी असे निसर्गचित्र पिढ्यान्‌पिढ्या काढले जाते. त्या पट्टीत वारा कोणीकडून वाहतो, हे कोणी मुलास विचारीत नाही.

लौकिक उशिरा आला. नदीपात्रात उभ्या असलेल्या गाडीचे ‘द हे वेन’ हे त्याचे सुप्रसिद्ध चित्र १८२१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडले गेले, पण विकले गेले नाही. ओल्या पानांवरची चमक दाखविण्यासाठी तो पांढरे ठिपके देई. टीकाकारांनी त्यास ‘कॉन्स्टेबलचे हिम’ म्हणून हिणविले. १८२४ मध्ये पॅरिसमध्ये याच चित्राबद्दल सुवर्णपदक मिळाले. त्याची चित्रे पाहून दलाक्र्वा या थोर फ्रेंच चित्रकाराने आपल्या एका भव्य चित्रावर पुन्हा हात फिरविला, असे सांगतात. स्वदेशात मात्र त्याच्याहून एकाच वर्षाने वडील असलेला टर्नर १८०२ मध्येच अकादमीचा पूर्ण सभासद झाला. कॉन्स्टेबलला तो मान १८२९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, अवघ्या एका मताच्या आधिक्याने लाभला. त्यापूर्वी तीनच महिने, नोव्हेंबर १८२८ मध्ये, पत्नी मारिया क्षयाने निवर्तली होती. तिच्या आजोबांच्या विरोधामुळे दोघांना विवाहासाठी सात वर्षे थांबावे लागले होते. पदरी सात मुले राहिली. त्यानंतरच्या चित्रांत आकाश अधिक काळवंडलेले दिसते.