रानगवताचे देणे



आपल्या बहुतेक उसाच्या वाणांच्या नावात 'को' हे अक्षर येते. को म्हणजे कोइमतूर. १९१२ साली तेथे ऊस पैदास केंद्र निघाले, कारण तिथल्या हवेत उसाला तुरा येऊन बी धरते. बार्बर आणि व्यंकटरामन या शास्त्रज्ञांनी जाड, गोड उसाचा संकर रानटी कास गवताशी केला. त्यातला को २०५ हा वाण १९१८ साली उत्तर हिंदुस्थानासाठी बाहेर पडला. गोडी उसाची, काटकपणा गवताचा! पुढच्या वाणांतही हेच रक्त खेळते. ज्या गवताला कुणी विचारीत नव्हते, त्याच्या जिवावर आज आपले गाळप चालते.

हे देणे राखायचे कुणी? पुष्कळ मळ्यांत अजून खोडव्याचेच बेणे लागते. काणी आणि गवताळ वाढ हे रोग कांड्यातूनच पुढच्या लावणीत उतरतात. मग टनेज घटते अन् बोल मात्र वाणाला! म्हणून दर तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे. बेणे मळ्यातले, ९ ते ११ महिन्यांचे, निरोगी कांडेच लावावे. वाण शास्त्रज्ञांनी दिला. तो टिकवणे आपल्याच हाती आहे.