कोई तळ्याचा हिवाळा

कोई हा थंडीला सरावलेला मासा आहे. जपानच्या निगाता प्रांतात, ओजिया आणि यामाकोशीच्या डोंगराळ खेड्यांत, एकोणिसाव्या शतकात खाण्यासाठी पाळलेल्या साध्या कार्प माशांतून हे रंगीत वाण निवडून तयार झाले. १९१४ साली टोकियोच्या तैशो प्रदर्शनात त्यांची देशाला ओळख झाली. या खेड्यांत हिवाळ्यात दोन-तीन मीटर बर्फ साचतो. तेव्हा कोई मरतात ते बहुधा नुसत्या थंडीने नव्हे. उथळ पाणी, गुदमरणे आणि तापमानातले अचानक चढउतार हे त्यांचे खरे शत्रू आहेत.

पाणी सर्वांत जड असते ते सुमारे ४ अंश सेल्सिअसला. त्याहून थंड पाणी हलके होऊन वर येते आणि पृष्ठभागावरच गोठते. तळाशी ४ अंशांचा थर टिकून राहतो. कोई त्या थरात जवळजवळ निश्चल पडून हिवाळा काढतात. उथळ तळ्यात हा थर उरतच नाही, म्हणून बर्फाळ प्रदेशात किमान सव्वा मीटर खोली हवी, दीड मीटर असेल तर उत्तम. कारंजे आणि धबधबा थंडीत बंद ठेवतात तेही याचसाठी. उडणारे पाणी हवेत गार होऊन तळापर्यंत पोचते आणि उबदार थर मोडते. हवेचा पंप मात्र चालू हवा. फक्त त्याचा बुडबुड्यांचा दगड तळावरून उचलून मधल्या उंचीवर टांगावा.

माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. पाणी १५ अंशांखाली उतरले की पचन मंदावते, तेव्हा गव्हांकुर घातलेले हलके खाद्य देतात; १० अंशांखाली खाद्य बंदच करतात. अमोनियाचे रूपांतर करणारे गाळणीतले जिवाणूही याच सुमारास थंडावतात, त्यामुळे दया येऊन टाकलेले मूठभर दाणे माशाच्या पोटालाही जड जातात आणि पाण्यालाही. सर्वांत नाजूक काळ भर थंडीचा नसून वसंताच्या तोंडाचा असतो. पाणी ५ ते १२ अंशांमध्ये वर-खाली होत असताना परजीवी आणि एरोमोनाससारखे व्रण पाडणारे जिवाणू आधी जागे होतात, माशाची प्रतिकारशक्ती मागाहून. झाकण आणि हीटर यांचे पहिले काम ऊब वाढवण्याचे नाही, हे चढउतार आवरण्याचे आहे.

तळ्याची उष्णता प्रामुख्याने वरून जाते: वाऱ्याने, निरभ्र रात्री आकाशाकडे होणाऱ्या उत्सर्जनाने आणि बाष्पीभवनाने. एक लिटर पाण्याची वाफ होताना हजार लिटर पाण्याचे तापमान अर्ध्या अंशाहून जास्त उतरू शकते. म्हणून साध्या प्लास्टिकचे पांघरूणही मोठे काम करते. जलतरण तलावावर पसरतात तसे बुडबुड्यांचे तरंगते प्लास्टिक सर्वांत स्वस्त. पोकळ तरंगते चेंडू सोयीचे, कारण मासे पाहायला किंवा जाळे टाकायला ते हाताने बाजूला सारता येतात. सर्वांत भरवशाचा मात्र लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या चौकटीवर बसवलेला दुपदरी पॉलिकार्बोनेटचा पत्रा. त्यातली कोंडलेली हवा उष्णता अडवते आणि उजेडही आत येतो. नळ्यांच्या कमानींवर ताणलेले पॉलिथिन हा मधला मार्ग. कोणतेही छप्पर उतरते हवे, नाहीतर साचलेल्या बर्फाच्या भाराने ते माशांच्या अंगावर कोसळेल. वाऱ्याने उडू नये म्हणून ते चारी बाजूंनी बांधावे, आणि एका टोकाला फट ठेवावी. झाकणाखाली ऊन साठून दुपारी पाणी चटकन तापते. अशा दिवशी कड उघडावी लागते.

झाकण घालण्याआधी पानगळीवर जाळी ताणणे आणि तळाचा गाळ काढणे चुकवू नये. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ४ अंशांना सुमारे १३. तरीही बर्फाने पृष्ठभाग पूर्ण मिटला की कुजणाऱ्या पानांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडू शकत नाहीत. वर हिम साचले तर उजेडही तुटतो. म्हणून एक भोक सतत उघडे हवे. त्यासाठी छोटा तरंगता हीटर पुरतो. बर्फ हातोड्याने फोडणे हा मात्र क्रूरपणा आहे. त्याचे हादरे पाण्यातून थेट माशांपर्यंत जातात. गरम पाण्याचे पातेले बर्फावर ठेवून भोक पाडावे.

संपूर्ण तळे तापवायचे तर आधी हिशेब मांडावा. दहा हजार लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ११.६ युनिट वीज लागते. ८ वरून १५ अंशांवर न्यायला ८१ युनिट, आणि रोज निसटणारी उष्णता वेगळीच. उघड्या तळ्याला हीटर जोडणे शुद्ध उधळपट्टी आहे. विजेच्या हीटरपेक्षा हवेतली उष्णता खेचणारा हीट पंप त्याच विजेत कितीतरी पट ऊब देतो, पण कडाक्याच्या थंडीत त्याची क्षमता घटते. गॅसच्या बॉयलरचे पाणी तळ्यात न सोडता नळ्यांमधून फिरवतात. त्या नळ्या टायटॅनियमच्या किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात, कारण तांबे माशांना विषारी ठरते. तापमान दिवसाला एखाद्या अंशानेच वाढवावे, आणि उतरवतानाही तोच संयम पाळावा.

निगाताचे व्यावसायिक ऑक्टोबरच्या सुमारास मातीच्या तळ्यांतून मासे उचलून छपराखालच्या हौदांत आणतात. तिथे रॉकेलच्या बॉयलरवर त्या वर्षीची पिल्ले उबदार पाण्यात वाढवतात; मोठ्या माशांना मात्र थंडीची विश्रांती मिळू देतात. २३ ऑक्टोबर २००४ च्या भूकंपात यामाकोशीचे रस्ते तुटले, वीज गेली आणि असंख्य कोई मेले. वाचलेल्यांपैकी काही हेलिकॉप्टरने हलवावे लागले. जिथे ऊब यंत्रावर अवलंबून असते, तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवाच.

महाराष्ट्रात तळी गोठत नाहीत. निफाडला कधीकधी पारा ५ अंशांखाली जातो, तेवढ्या दिवसांत पाण्याचे तापमान पाहून खाद्य कमी करावे आणि उथळ हौदावर रात्री प्लास्टिक पसरावे; हीटरची गरज पडत नाही.

थंड प्रदेशात झाकण काढायची घाई करू नये. रात्रीही पाणी १० अंशांच्या वर राहू लागल्यावर आधी दिवसा कडा उघडाव्यात, मग पूर्ण झाकण काढावे. पहिले खाद्य थोडे आणि हलके द्यावे, आणि गाळणी पूर्ववत काम करू लागेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया तपासावा.