चूक करण्याची मुभा

भातुकली हा केवळ करमणुकीचा खेळ नव्हे. बोळक्यात लटका भात शिजविताना मूल घर चालविण्याची रीत शिकते आणि भात करपला तरी कोणी उपाशी राहत नाही. खेळातून शिक्षण ही कल्पना आपल्याला नवी नाही. नवी आहे ती संगणकाच्या पडद्यावरील खेळातून कामगार घडविण्याची पद्धत. तिची गरज का भासते, हे छत्तीसगडमधील भिलाईच्या उदाहरणावरून समजते.

सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. भारतीय रेल्वेचे रूळ येथे तयार होतात. झोतभट्टीतून निघणाऱ्या वितळलेल्या लोखंडात सुमारे चार टक्के कार्बन असतो. कन्व्हर्टर नावाच्या प्रचंड पात्रात त्यावर ऑक्सिजनचा झोत सोडला, की पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक कार्बन जळून जातो व पोलाद तयार होते. त्या वेळी तापमान सुमारे १६०० अंश सेल्सिअस असते. ऑक्सिजन कमी पडला तर कार्बन शिल्लक राहतो. जास्त झाला तर लोखंडच जळू लागते. भंगार अधिक पडले तर रस थंड होतो. अशा ठिकाणी 'करून बघू' असे म्हणण्याची सोय नसते.

धोका केवळ उष्णतेचा नाही. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. १२ जून २०१४ रोजी ह्या कारखान्यात वायुगळती होऊन सहा जणांचे प्राण गेले. मृतांत वरिष्ठ अधिकारीही होते. असा प्रसंग नवशिक्याला प्रात्यक्षिक म्हणून दाखविता येत नाही. मात्र तो आल्यास काय करावे, हे त्याला आधीच ठाऊक असावे लागते.

हा पेच वैमानिकांच्या शिक्षणात फार पूर्वी उभा राहिला. ऑर्गन बनविणाऱ्या कुटुंबातील एडविन लिंक ह्या अमेरिकन तरुणाने १९२९ च्या सुमारास हवेच्या भात्यांवर हलणारी विमानाची प्रतिकृती तयार केली. १९३४ साली टपाल वाहून नेणारे लष्करी वैमानिक खराब हवामानात अपघातांना बळी पडू लागले, तेव्हा अमेरिकन लष्कराने ही यंत्रे विकत घेतली. प्रत्यक्ष यंत्राची अशी नक्कल करणाऱ्या साधनाला सिम्युलेटर म्हणतात. आज वैमानिकांप्रमाणेच रेल्वेचे चालक व वेल्डिंग शिकणारे तरुणही त्यावर सराव करतात. वेल्डिंगच्या सिम्युलेटरमध्ये ठिणगी उडत नाही. पण हाताचा कोन, वेग आणि अंतर चुकले की पडदा लगेच दाखवितो.

पोलादाच्या क्षेत्रातही असे खेळ आहेत. जागतिक पोलाद संघटनेच्या 'स्टीलयुनिव्हर्सिटी' ह्या उपक्रमात संगणकावर पोलाद तयार करता येते. भंगार, चुना आणि ऑक्सिजन किती घ्यावा, हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे असते. ठरावीक दर्जाचे पोलाद कमीत कमी खर्चात बनविण्याची स्पर्धाही दरवर्षी घेतली जाते. हिशेब चुकला तर डाव फसतो. तो पुन्हा मांडता येतो. आपला अंदाज कोठे चुकला, हे शोधण्यातच खरे शिक्षण घडते.

तथापि, प्रत्येक खेळ शिक्षण देतोच असे नाही. खेळाचे नियम प्रत्यक्ष कामाशी जुळले पाहिजेत, नाहीतर चुकीची सवय हाताला लागते. शिवाय भट्टीची धग, यंत्रांचा गोंगाट आणि आठ तासांच्या पाळीचा थकवा पडद्यावर अनुभवता येत नाही. म्हणून सिम्युलेटरवरील सरावानंतर अनुभवी कारागिराच्या देखरेखीखाली काम करणे आवश्यकच ठरते.

ह्या साधनांची किंमत मोठी असते. ती केवळ अभियंत्यांच्या वर्गापुरती राहिली, तर तिचा पुरेसा उपयोग झाला असे म्हणता येणार नाही. धोक्याच्या जागी पुष्कळदा कंत्राटी कामगार उभा असतो. त्याचे शालेय शिक्षण अपुरे असू शकते आणि पडद्यावरील इंग्रजी सूचना त्याला वाचता येतीलच असे नाही. त्याला समजणाऱ्या भाषेत, कामाच्या वेळेतच आणि वेतन न कापता असा सराव मिळाला, तर चूक करून शिकण्याची मुभा ज्याला सर्वाधिक हवी आहे, त्याच्यापर्यंत ती पोहोचेल.