झाडाच्या आतले राखणदार

मी कविता लिहिणारा माणूस, शेतीतज्ज्ञ नव्हे. पण चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला जाताना दर वेळी एक प्रश्न मनात येतो. संत्र्याच्या बागेत खोडांना बोर्डो मलम लावावा लागतो, फवारणी करावी लागते. मग या रानातल्या मोहाला, चारोळीला, जांभळाला औषध कोण देतं?

रानातल्या झाडांनाही रोग होतात, पण सगळं रान एकदम बसत नाही. नाना जातींची झाडं मिसळून उभी असतात, त्यामुळं रोग सहज पसरत नाही, हे एक कारण. दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. निरोगी पानात, सालीत, मुळात सूक्ष्म बुरशा आणि जिवाणू गुपचूप नांदत असतात. त्यांना आंतरजीवी म्हणतात. झाड त्यांना अन्न आणि आसरा देतं. त्यांतले काही या उपकाराची फेड करतात. ते जागा आधीच अडवून ठेवतात, रोगकारक बुरशीला मारक अशी द्रव्यं तयार करतात, किंवा झाडालाच सावध करतात.

हे राखणदार येतात कुठून? काही बियांतून येतात, पण पुष्कळसे बाहेरून. पनामा देशात कोकोच्या झाडांवर झालेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोवळं पान फुटतं तेव्हा त्यात या बुरशा जवळजवळ नसतात. वारा-पावसाबरोबर आसपासचे बीजाणू येतात आणि पानात घर करतात. संशोधकांनी निरोगी झाडांतल्या अशा बुरशा काही पानांत वसवल्या आणि मग फायटोफ्थोरा हा रोगकारक सोडला. राखणदार असलेली पानं कमी करपली. आपल्या नागपुरी संत्र्यावर डिंक्या आणणारा रोगकारक याच फायटोफ्थोराच्या गोतातला आहे.

म्हणजे पान एकटं जन्मतं आणि शेजार त्याला सांभाळतो. मग शेजारचं रान तुटलं, तर केवळ लाकूड जात नाही. कदाचित बांधावरच्या झाडाचे राखणदारही जातात. बुरशीनाशकाला तरी आपली बुरशी आणि परकी बुरशी कुठं कळते?

मात्र हे सगळे जीव सज्जनच असतात असं समजू नका. आंब्यावरचा करपा कच्च्या फळात निमूट बसून राहतो आणि फळ पिकू लागलं की डोकं वर काढतो. म्हणून कुठल्याही पानाचा रस काढून बागेत शिंपडणं हा उपाय नव्हे. पारख झालेले जीवच वापरावेत. ट्रायकोडर्मा आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. शेणखतात मिसळून ती मुळाशी देतात, आणि तिच्या काही जाती मुळांच्या आतही राहतात. तीसोबत रासायनिक बुरशीनाशक ओतलं, तर दोन्हींचा खर्च वाया जाऊ शकतो. तेव्हा आधी सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारावं.

पुढच्या वेळी मोहाखाली बसाल तेव्हा वर पाहा. त्या एकेका पानात वस्ती आहे, आणि ती त्या झाडानं एकट्यानं वसवलेली नाही.