कणकणीच्या आधीचे काही तास

श्रावण लागला की पुण्याच्या महात्मा फुले मंडईत दोन गोष्टी वाढतात, पालेभाजीचे ढीग आणि खोकल्याचे आवाज. ओट्यावरच्या मावशी अळूची जुडी बांधता बांधता पदराने नाक पुसत होत्या. “आज घरीच थांबायचं की,” मी म्हणालो. “थांबून काय करू दादा? माल थांबतोय व्हय माझ्यासाठी? अंग नुसतं ठणकतंय. मेडिकलमधनं गोळी आणलीय, उतरंल.”

ताप उतरला. पुढच्या आठवड्यात मावशी खणखणीत आवाजात भाव सांगत होत्या आणि श्रेय सगळं गोळीला. आपल्याकडे कुणी ते काढ्याला देतो, कुणी गवती चहाला, तर कुणी फ्लूच्या विषाणूशी काडीचाही संबंध नसलेल्या अँटिबायोटिकला. ज्यांनी खरी झुंज दिली त्यांची नावं रुक्ष आहेत, म्हणून कदाचित कुणाच्या तोंडी नसतात. आयएफआयटीएम-३, रिग-आय, एमएक्सए. ही आपल्याच पेशींनी तयार केलेली प्रथिनं.

मंडईची जुनी इमारत १८८६ची. छप्पर उंच, चहूबाजूंनी वारा खेळता. फ्लूच्या दृष्टीने कोंदट वातानुकूलित दुकानापेक्षा ही जागा बरी. तरी हातभर अंतरावर कुणी शिंकलं की सूक्ष्म थेंब समोरच्याच्या नाकात जायचे ते जातातच. तिथे विषाणू श्वासनलिकेच्या पेशीवरच्या सायलिक आम्ल नावाच्या साखरेला चिकटतो. पेशी त्याला एका छोट्या पिशवीत गुंडाळून आत ओढते. पिशवी आतून आम्लधर्मी होत जाते आणि विषाणू याचीच वाट पाहत असतो. आम्ल लागलं की त्याच्या पृष्ठभागावरचं प्रथिन आकार बदलतं, विषाणूचं आवरण पिशवीच्या भिंतीला जोडलं जातं, भोक पडतं आणि आरएनएचे आठ तुकडे पेशीत उतरतात.

पहिला अडथळा नेमका इथे आहे. आयएफआयटीएम-३ हे प्रथिन या पिशवीच्या भिंतीतच बसलेलं असतं. त्याच्यामुळे भिंत विषाणूच्या आवरणाशी सहजी एकजीव होत नाही. भोक पडलं नाही, तर आतला ऐवज पेशीच्या कचराकुंडीत जाऊन विरघळतो. या प्रथिनाचं हे काम २००९ साली उजेडात आलं, म्हणजे स्वाइन फ्लूने पुण्याला घरात बसवलं त्याच वर्षी. त्या ऑगस्टमध्ये देशातला पहिला स्वाइन फ्लूचा मृत्यू पुण्यात झाला. शाळा बंद झाल्या, थिएटरं बंद झाली, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. त्याच साथीत ब्रिटनमध्ये इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णांचा जनुकीय अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. या प्रथिनाच्या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार त्या रुग्णांमध्ये सर्वसामान्य लोकांपेक्षा जास्त आढळला. एकाच घरातला एक जण दोन दिवस शिंकतो आणि दुसऱ्याला ऑक्सिजन लागतो, याचं निदान एक कारण तिथे सापडलं.

विषाणू आत शिरलाच तर रिग-आय त्याचा आरएनए ओळखतं. आपल्या आरएनएच्या टोकाला जी टोपी असते, ती विषाणूच्या आरएनएला नसते. ओळख पटली की पेशी इंटरफेरॉन सोडते आणि शेजारच्या पेशींमध्ये शेकडो जनुकं जागी होतात. इंटरफेरॉनचा शोधही फ्लूच्याच विषाणूमुळे लागला. लंडनमध्ये १९५७ साली अॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी उष्णतेने मारलेला फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातल्या पापुद्र्यावर ठेवला. त्यातून मिळालेल्या द्रवाने ताज्या पापुद्र्याचं जिवंत विषाणूपासून रक्षण केलं.

हे मला एका प्रयोगशाळेत जवळून बघायला मिळालं. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी दोन ताटल्यांत वाढवलेल्या होत्या. एकीत आदल्या संध्याकाळी इंटरफेरॉन घातलेलं, दुसरीत नाही. दोन्हींत सारखाच विषाणू सोडला. दुसऱ्या दिवशी वरचा द्रव काढून कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर घातला. फ्लूचा विषाणू मोजायला जगभर प्रामुख्याने हाच पेशीवंश वापरतात. सोबत ट्रिप्सिनचा थेंब. विषाणूचं पृष्ठभागावरचं प्रथिन कापणारं विकर आपल्या श्वासनलिकेत असतं, त्या पेशींजवळ पुरेसं नसतं; त्याची जागा ट्रिप्सिन घेतं. थेंब विसरला, तर विषाणू पसरतच नाही आणि सगळी मेहनत पाण्यात. मग दोन-तीन दिवस थांबायचं, फॉर्मलिन घालायचं, जांभळा रंग ओतून नळाखाली धुवायचं. जिवंत पेशींचा थर जांभळा राहतो. मेलेल्या पेशींच्या जागी पांढरे ठिपके उरतात. इंटरफेरॉन नसलेल्या बाजूच्या थराची चाळणी झाली होती. दुसऱ्या बाजूचे ठिपके बोटावर मोजता येत होते. गोळी नाही, काढा नाही, पेशींनी आपल्या हिमतीवर केलेलं काम.

इंटरफेरॉनने जागी होणाऱ्या त्या शेकडो जनुकांपैकी एक एमएक्सएचं. त्याचा मागही लिंडेनमान यांच्यापर्यंतच जातो. फ्लूने न मरणारी उंदरांची एक जात त्यांनी १९६२ साली नोंदवली होती. पुढे त्या उंदरांमधलं प्रथिन सापडलं आणि माणसातलं त्याचं भावंडही. एमएक्सए विषाणूच्या आरएनएभोवतीच्या प्रथिनाला धरून त्याचं काम ठप्प करतं. पक्ष्यांचे विषाणू या पकडीत लवकर सापडतात. स्वाइन फ्लूच्या विषाणूत मात्र तिच्यातून निसटण्याचे बदल आधीच झालेले होते.

पक्ष्यांचा विषाणू म्हटलं की नवापूर आठवतं. तिथल्या पोल्ट्र्यांमध्ये २००६च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू सापडला आणि लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. संशयित माणसांचे नमुने पुण्यात आंबेडकर रस्त्यावरच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत आले. माणसात लागण निघाली नाही. पक्ष्यांच्या विषाणूला माणसाच्या श्वासनलिकेत नीट चिकटायला जागा मिळत नाही, हे त्याचं एक कारण. पण आत शिरल्यावरही त्याला अडवणारं आणखी एक प्रथिन, बीटीएन३ए३, ग्लासगोच्या संशोधकांनी २०२३ साली दाखवलं. दरवर्षी येणारा माणसांचा फ्लू त्यालाही चकवतो. शिवाय एनएस-१ नावाचं प्रथिन वापरून तो इंटरफेरॉनची हाकच दाबतो. सामना एकतर्फी नाही.

आता मावशींच्या ठणक्याकडे येऊ. तो बराचसा या लढाईचाच खर्च आहे. एकेकाळी हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. अंगात फ्लूचा एकही विषाणू नसताना त्यांना फ्लूसारखाच ताप यायचा, अंग मोडून यायचं. ताप उतरवणारी गोळी हा खर्च सुसह्य करते, एवढंच. तीही हवीच, पण जिंकलं तिने असं म्हणणं मला पटत नाही.

पेशींच्या या पहिल्या फळीची उणीवही मोठी आहे. तिला गेल्या वर्षीचा विषाणू आठवत नाही. आठवण ठेवतात ती प्रतिपिंडं, आणि ती लशीने तयार होतात. पुण्यात फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात असतो आणि लशीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा मधुमेह किंवा दमा असेल, पासष्टी उलटली असेल, घरात गर्भवती असेल, तर डॉक्टरांना विचारून मे महिन्यातच लस घ्या, आणि दरवर्षी घ्या. ताप असताना गर्दीत जावंच लागलं तर मास्क लावा. धाप लागली, तर मेडिकलमधून दुसरी गोळी आणू नका, थेट दवाखाना गाठा.