पर्वतीय सायकलसफर, सामूहिक

पर्वतीय सायकलसफर, सामूहिक : डोंगर, अरण्ये, माळराने इ. ठिकाणच्या कच्च्या वाटांवरून खास बनावटीच्या सायकलींवर बसून गटाने केलेली सफर. क्रीडा, व्यायाम व निसर्गपर्यटन ही तिन्ही उद्दिष्टे तीत एकत्र आलेली असतात. ज्या वाटांवरून अशा सफरी निघतात, त्या बहुधा केवळ सायकलस्वारांसाठी राखून ठेवलेल्या नसतात; पदभ्रमण करणारे, घोडेस्वार, गुराखी व आसपासचे रहिवासी हेही त्यांचा वापर करतात. एकाच अरुंद वाटेवर भिन्न गतीने जाणाऱ्यांनी परस्परांशी कसे वागावे, यासंबंधीचे काही संकेत १९८० नंतरच्या काळात रूढ झाले. हे संकेत केवळ सौजन्याचे नाहीत. एखादी वाट सायकलस्वारांना खुली राहणार की बंद होणार, हे अनेक ठिकाणी त्यांच्या पालनावरच ठरलेले आहे.

इतिहास : कच्च्या वाटांवरून गटाने सायकल चालविण्याचे प्रयोग जुने आहेत. १८९७ मध्ये अमेरिकेच्या पंचविसाव्या पायदळ पलटणीतील कृष्णवर्णीय सैनिकांच्या एका तुकडीने माँटॅना राज्यातील मिझूला येथून सेंट लूइसपर्यंत सु. ३,००० किमी.चा प्रवास सायकलींवरून केला. इंग्लंडमध्ये १९५५ साली ‘रफ स्टफ फेलोशिप’ ही संस्था स्थापन झाली. डांबरी रस्ते सोडून रानवाटांनी सायकलसफरी करणे हाच तिचा हेतू होता. तथापि या छंदाला आजचे स्वरूप आले, ते कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात.

सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या या परगण्यात मौंट टॅमलपायस (उंची सु. ७८४ मी.) हा डोंगर आहे. त्याच्या परिसरात १९७० नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या वजनदार सायकली वापरून डोंगर उतरू लागले. वणवा विझविण्यासाठी आखलेले रुंद कच्चे रस्ते त्यांना यासाठी सोयीचे होते. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ अशाच एका रस्त्यावर पहिली शर्यत झाली. सु. ३.५ किमी. अंतरात सु. ४०० मी. उतरणाऱ्या या रस्त्याला ‘रीपॅक’ हे नाव पडले. पेडल उलटे दाबून लावावयाच्या ब्रेकमुळे मागील चाकाच्या हबमधील ग्रीज उतारावर जळून जाई व ते प्रत्येक फेरीनंतर पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. चार्ली केली हे या शर्यतींचे संयोजक होते. त्यांतील एक स्पर्धक जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये रानवाटांसाठी मुद्दाम नवा सांगाडा बनविला. गॅरी फिशर व केली यांनी १९७९ मध्ये टॉम रिची यांनी तयार केलेल्या सांगाड्यांवर आधारलेल्या सायकलींची विक्री सुरू केली. १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ या कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ ही सायकल मोठ्या प्रमाणावर उत्पादित होऊन बाजारात आली आणि मूठभरांचा हा छंद हजारो लोकांपर्यंत पोहोचला. पुढे १९९० मध्ये कोलोरॅडोतील डुरँगो येथे अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश करण्यात आला.

वाटांवरील संघर्ष : सायकलींची संख्या वाढली, तरी वाटा तेवढ्याच राहिल्या. टॅमलपायसच्या वाटांवर पदभ्रमण करणाऱ्यांच्या मंडळांचा वावर कित्येक पिढ्यांचा होता. त्यांतील काही वाटांची निगाही ही मंडळे राखीत असत. वळणावरून अचानक येणाऱ्या सायकलींमुळे पायी चालणारे दचकत, घोडे बुजत आणि वृद्धांना त्या वाटांवर जाणे नकोसे वाटे. प्रत्यक्ष टक्कर होण्याचे प्रसंग थोडे असले, तरी तक्रारी मुख्यतः भीतीच्या होत्या. याउलट, आपण कोणालाही इजा केलेली नसताना आपणास दोषी धरले जाते, अशी सायकलस्वारांची भावना होती. परिणामी १९८० नंतरच्या दशकात तेथील बहुतेक अरुंद वाटा सायकलींना बंद करण्यात आल्या. रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी १५ मैल (सु. २४ किमी.) आणि वळणांवर व इतरांना ओलांडताना ताशी ५ मैल (सु. ८ किमी.) अशी वेगमर्यादा घालण्यात आली. ती मोडणाऱ्यांना दंड होऊ लागला.

याच सुमारास राष्ट्रीय पातळीवरही निर्बंध आले. अमेरिकेच्या १९६४ च्या वन्यप्रदेश अधिनियमाने संरक्षित वन्यप्रदेशांत यांत्रिक वाहतुकीस मनाई केली होती. १९८४ मध्ये वनविभागाच्या नियमांनी त्या मनाईत सायकलींचा निःसंदिग्धपणे समावेश केला. वाटा गमावण्याच्या या अनुभवातून कॅलिफोर्नियातील काही सायकल मंडळांनी एकत्र येऊन १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय पर्वतीय सायकल संघटना स्थापन केली. तिने प्रसृत केलेल्या नियमांचा आशय थोडक्यात असा : केवळ खुल्या असलेल्या वाटांवरच सायकल चालवावी, मागे खुणा ठेवू नयेत, सायकलीवर ताबा ठेवावा, इतरांना वाट द्यावी, प्राण्यांना घाबरवू नये, आणि सफरीची पूर्वतयारी करावी. जगातील बहुतेक पर्वतीय सायकल मंडळांचे नियम थोड्याफार फरकाने याच धर्तीचे आहेत.

अग्रक्रमाचा संकेत : सामाईक वाटांच्या तोंडाशी पुष्कळदा एक त्रिकोणी फलक लावलेला असतो. त्यानुसार सायकलस्वाराने पादचारी व घोडेस्वार या दोघांनाही, आणि पादचाऱ्याने घोडेस्वाराला वाट द्यावयाची असते. हा क्रम प्रतिष्ठेचा नाही. ज्याच्यामुळे दुसऱ्यास अधिक धोका वा भीती संभवते, त्याने थांबावे, हे त्यामागील तत्त्व आहे. ताशी २४ किमी. वेगाने जाणारा स्वार सेकंदाला सु. ६.७ मी. अंतर कापतो. वळणापुढील वाट १५ मी.पर्यंतच दिसत असेल आणि समोरून कोणी चालत येत असेल, तर दोघांची गाठ पडण्यास दोन सेकंदही लागत नाहीत. त्यांतील जवळजवळ एक सेकंद धोका ओळखून ब्रेक दाबण्यातच जातो. सैल खडीवर चाके घसरतात ते वेगळेच. म्हणून जेवढी वाट नजरेच्या टप्प्यात आहे तिच्या निम्म्या अंतरात थांबता येईल, एवढाच वेग ठेवावा, असे अनुभवी स्वार मानतात.

वाट देणे याचा अर्थ केवळ बाजूने काळजीपूर्वक निघून जाणे असा नाही. वेग कमी करणे, दुरूनच आवाज वा घंटी देऊन आपली चाहूल लावणे, जरूर तर पूर्ण थांबून पाय जमिनीवर टेकणे आणि समोरच्याच्या संमतीने पुढे जाणे, हे सर्व त्यात येते. प्रत्यक्षात पुष्कळ पादचारी आपण होऊन बाजूस सरकतात. कारण सायकल थांबविण्यापेक्षा ते सोपे असते. तथापि ही निवड पादचाऱ्याची असते व ती स्वाराने गृहीत धरू नये. फार जवळ येऊन एकदम वाजविलेली घंटी इशारा न ठरता दटावणी ठरते.

घोड्यांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी लागते. घोडा हा पळून जीव वाचविणारा प्राणी असल्यामुळे मागून निःशब्दपणे येणारी वस्तू त्याला हिंस्र पशूसारखी भासते. अशा वेळी स्वाराने दूर थांबून घोडेस्वाराशी शांतपणे बोलावे. माणसाचा आवाज ऐकला की घोडा आश्वस्त होतो. शक्य असल्यास वाटेच्या उताराकडील बाजूस उभे राहावे. वरच्या बाजूस हालचाल झाल्यास घोडा बुजून दरीकडे सरण्याचा संभव असतो. घोडेस्वाराने खूण केल्यावरच पुढे जावे.

दोन सायकलस्वार समोरासमोर आल्यास सामान्यतः उतरणाऱ्याने चढणाऱ्यास वाट द्यावी. चढावर एकदा थांबल्यास पुन्हा तोल सांभाळून गती घेणे कठीण असते. शिवाय चढणाऱ्याची नजर समोरच्या दगडमातीवर खिळलेली असते, तर उतरणाऱ्यास दूरचे दिसते. केवळ उतरण्यासाठी म्हणून आखलेल्या एकमार्गी वाटांवर हा संकेत लागू होत नाही.

गटाची रचना : एकट्या स्वारापेक्षा गटावर अधिक जबाबदारी येते. पादचाऱ्याच्या दृष्टीने दहा सायकली म्हणजे दहा वेगळ्या भेटी नसून एकच दीर्घ अडथळा असतो, आणि त्यांतील एकाच्या उर्मटपणाचे खापर सर्वांवर फुटते. म्हणून मोठ्या मंडळांच्या सफरींत स्वारांची पात्रतेनुसार लहान गटांत विभागणी करतात. प्रत्येक गटास एक आघाडीचा व एक पिछाडीचा स्वार असतो. आघाडीच्या स्वारास वाट माहीत असावी लागते व वेग तोच ठरवितो. पिछाडीचा स्वार सर्वांच्या मागे राहतो व कोणालाही आपल्यामागे पडू देत नाही. प्रत्येक फाट्यावर गट थांबतो, किंवा एकेक स्वार फाट्यावर उभा राहून मागच्यांना दिशा दाखवितो व पिछाडीचा स्वार येताच पुढे निघतो. मागून आलेल्यास दम घेण्याची उसंत न देता पुढे निघून जाणे हे असभ्यपणाचे मानतात; कारण त्यामुळे ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज असते, त्यालाच ती मिळत नाही.

दोन सायकलींमध्ये पुरेसे अंतर ठेवावे लागते, नाहीतर पुढचा घसरला की मागचाही पडतो. समोरून येणाऱ्यास मागे आणखी किती स्वार आहेत, ते आघाडीचा स्वार बोटांनी वा शब्दांनी सांगतो. शेवटचा स्वार आपण शेवटचे असल्याचे कळवितो. त्यामुळे पादचारी निश्चिंतपणे वाटेवर परत येऊ शकतो. दुरुस्तीसाठी वा गप्पांसाठी थांबताना सायकलींसह वाटेबाहेर, परंतु रोपे तुडविली जाणार नाहीत अशा जागी उभे राहावे. शिरस्त्राण सर्वांनी घालावे. सुटी ट्यूब, हवेचा पंप, साखळी जोडण्याचे साधन, प्रथमोपचाराची पेटी व पुरेसे पाणी गटाजवळ असावे. वाटेत अपघात झालेल्या वा सायकल बिघडलेल्या परक्या स्वाराची चौकशी केल्यावाचून पुढे न जाण्याचा प्रघात सर्वत्र आढळतो.

वाटेचे रक्षण : सायकलींमुळे वाटांची धूप होते, असा आक्षेप घेतला जातो. माँटॅना राज्यात केलेल्या व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रायोगिक अभ्यासात चाकांपेक्षा घोड्यांचे खूर व माणसांची पावले यांमुळे अधिक माती सुटी होते, असे आढळले. ओल्या वाटांवर हा फरक अधिक स्पष्ट होता. मात्र यावरून सायकली निरुपद्रवी ठरत नाहीत. ब्रेक दाबून चाक घसरत नेल्यास मातीत चर पडतो, त्यातून पाणी वाहते व चर खोल होत जातो. चिखल टाळण्यासाठी कडेने गेल्यास वाट रुंदावते व झाडोरा नष्ट होतो. म्हणून वाट ओली असताना जाऊ नये, वळणे मधून कापू नयेत आणि अडथळा ओलांडता येत नसल्यास सायकल उचलून न्यावी, असे नियम आहेत. वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता आडवे निघून जाते, हे वाटा आखणाऱ्यांचे सूत्र होय. अनेक मंडळे वर्षातून काही दिवस श्रमदानाने वाटांची दुरुस्ती करतात. शेजारी काम करणारे पादचारी व स्वार परस्परांना ओळखू लागल्यामुळे तंटे कमी होतात, हा त्याचा आणखी एक लाभ.

विविध देशांतील स्थिती : इंग्लंड व वेल्समध्ये १९६८ च्या ग्रामप्रदेश अधिनियमाने घोडेवाटांवर सायकल चालविण्याचा हक्क दिला; परंतु पादचारी व घोडेस्वार यांना वाट देण्याची अट त्याच कलमात घातली. येथे शिष्टाचाराला कायद्याचेच रूप आले आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या भूमिसुधारणा अधिनियमान्वये जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतेक सर्व मोकळ्या प्रदेशात सायकलस्वारांना प्रवेश आहे. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात याउलट दोन मीटरांहून अरुंद वनवाटांवर सायकल चालविण्यास सामान्यतः मनाई आहे. विद्युत्-चलित सायकलींच्या प्रसारामुळे चढावरचा वेगही वाढला असून अशा सायकलींना कोणत्या वाटा खुल्या कराव्यात, हा वादाचा नवा विषय झाला आहे.

भारतात या छंदाचा प्रसार मुख्यतः २००० नंतर झाला. हिमाचल प्रदेशात २००५ मध्ये पर्वतीय सायकलींची बहुदिवसीय शर्यत सुरू झाली. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या परिसरात हौशी गट सफरी काढतात. तेथील वाटा मनोरंजनासाठी आखलेल्या नसून गुराखी, शेतकरी व वाड्यावस्त्यांवरील रहिवासी यांच्या नित्य वापरातील आहेत. म्हणून डोक्यावर भारा घेऊन उतरणाऱ्यास किंवा गुरांच्या कळपास वाट देण्याचे कर्तव्य येथे अधिकच ठळक होते. पावसाळ्यात भिजलेल्या मुरमाच्या वाटा लवकर खचतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. अभयारण्यांत व राष्ट्रीय उद्यानांत प्रवेशासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार परवानगी आवश्यक असते. सायकलींसाठी आखलेल्या स्वतंत्र वाटा भारतात अद्याप थोड्याच असल्याने गावकऱ्यांच्या वाटेवरचा वावर त्यांच्या सद्भावनेवर अवलंबून असतो, आणि ती टिकविणे प्रत्येक गटाच्या वर्तनावर.