जोर-बैठकांच्या गावात पिलाटेस

कोल्हापुरात व्यायामाला आकडा लागतो. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, काळा इमाम अशा तालमींच्या या गावात जोर किती आणि बैठका किती, यावरच पोराची पारख होत आली. ज्यांनी तालमीचा उंबरा कधी ओलांडला नाही, तीही माणसं सकाळी रंकाळ्यावर भेटली की एकमेकांना विचारतात, "किती राउंड झाले?" मी फिजिओथेरपिस्ट आहे. राजारामपुरीत दिवसभर मान, कंबर, गुडघ्याचे रुग्ण बघते आणि संध्याकाळी पिलाटेस शिकवते. नव्याने येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, किती मारायचे?" पहिल्या तासानंतरची तक्रारही ठरलेली: "घामच आला न्हाई की!"

हल्ली मोबाइलवर रील्स बघून पिलाटेस करावंसं वाटणाऱ्या बायका वाढल्या आहेत, पुरुषही येऊ लागले आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे. पण यातले काही जण घरी व्हिडिओ लावून आठवडाभर करतात आणि मग मान धरून माझ्याकडे येतात. त्यांनी आधी विचारलं असतं तर मी जे सांगितलं असतं, ते इथे लिहिते आहे.

हा व्यायाम ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो जोसेफ पिलाटेस हा माणूस १८८३ साली जर्मनीतल्या मोन्शनग्लाडबाख गावी जन्मला. लहानपणी दमा, मुडदूस आणि सांधेतापाने बेजार झालेलं हे पोर. त्याने जिम्नॅस्टिक्स, बॉक्सिंग, जे मिळेल ते करून अंग कमावलं. शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ साली कुस्त्यांसाठी खुलं झालं, साधारण त्याच सुमारास हा गडी इंग्लंडला पोहोचला. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केलं. आयल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकालो छावणीत तो सोबतच्या कैद्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी त्याने पलंगाच्या स्प्रिंगा वापरून साधनं केली, असं सांगतात. आज मोठ्या शहरांतल्या स्टुडिओत जे रिफॉर्मर नावाचं सरकत्या पाटाचं यंत्र दिसतं, तेही स्प्रिंगांच्या ताणावरच चालतं. १९२६ साली तो न्यूयॉर्कला गेला, तिथे व्यायामशाळा काढली आणि मार्था ग्रॅहम, जॉर्ज बॅलन्शीन यांच्यासारखी नृत्यातली मोठी माणसं दुखावलेल्या नर्तकांना त्याच्याकडे पाठवू लागली. १९४५ च्या त्याच्या पुस्तकात जमिनीवरचे ३४ व्यायाम आहेत. नवशिक्यांना मी एक गोष्ट मुद्दाम दाखवते: त्यातले बहुतेक व्यायाम दहापेक्षा कमी वेळा करायचे आहेत, काही तर तीनदाच.

म्हणून आकडा घरी ठेवून या. पाच वेळा करायला सांगितलं आणि तिसऱ्या वेळी कमरेची ठेवण बिघडली, तर व्यायाम तिथेच संपला. चौथा आणि पाचवा हा फक्त कंबरेवरचा भार. ज्याला शंभर बैठकांची सवय आहे त्याला हे फार जड जातं. तालमीत घडलेल्या एका गृहस्थांना उताणं झोपून एकच पाय सावकाश उचलायला सांगितला, तेव्हा त्यांची मांडी थरथरायला लागली. ताकदीचा प्रश्न नव्हता. मोठे स्नायू दमदार होते, पण मणक्याला आतून धरून ठेवणारे छोटे स्नायू वेळेवर जागे होत नव्हते.

हे आतले स्नायू कुठले, ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. पोटाला कमरेभोवती आडवा वेढणारा सर्वांत खोल स्नायू, वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ धरणारे स्नायू आणि मागे मणक्यांना लगटून असलेले बारके स्नायू, हे चौघे मिळून कण्याला आधार देतात. रील्समध्ये ज्याला कोअर म्हणतात ते हेच. वरवर दिसणारे पोटाचे चौकोन म्हणजे कोअर नव्हे.

घरी करून बघा. उताणं झोपा, गुडघे दुमडून तळपाय जमिनीवर टेकवा. कमरेच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडे हाडाची टोकं हाताला लागतात, तिथून दोन बोटं आत आणि जराशी खाली बोटांची टोकं ठेवा. नाकाने श्वास घ्या, बरगड्या दोन्ही बाजूंना फुलू द्या. आता आरशावर वाफ धरावी तसा तोंडाने हळू, लांब श्वास सोडा आणि बेंबीखालचा भाग अलगद आत घ्या. बोटांखाली काहीतरी हलकेच ताठ झालेलं जाणवलं तर जमलं. पोट वर फुगून बोटांना ढकलत असेल, कंबर जमिनीत दाबली जात असेल किंवा दात आवळले गेले असतील, तर जोर जास्त लागतोय. बहुतेकांना पहिल्या आठवड्यात एवढंच नीट जमतं. तेवढं पुरेसं असतं.

प्राणायाम केलेल्यांना इथे थोडा गोंधळ होतो. कपालभातीत श्वास झटक्याने सुटतो आणि पोट आत मारलं जातं. पिलाटेसमध्ये सुटणारा श्वास लांब असतो आणि तो सुटत असतानाच अवघड हालचाल करायची असते. योगासनं चांगली की हे, असं मला खूपदा विचारतात. आसनात स्थिर राहणं महत्त्वाचं, इथे हलताना ताबा राखणं महत्त्वाचं. ज्याला आसनं मानवली आहेत त्याने ती सोडण्याचं काही कारण नाही.

आता मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती गोष्ट. पाळी गेलेल्या, पन्नाशी-साठीतल्या बायकांनी हाडांची तपासणी करून घेतल्याशिवाय पिलाटेसचे पुढे वाकायचे व्यायाम करू नयेत. झोपून उठत पायाचे अंगठे धरणं, पाठ गोल करून लोळणं, पाय डोक्यामागे नेणं हे प्रकार हाडं ठिसूळ झालेल्या मणक्यांना चेपतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९८४ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मणक्याची हाडं विरळ झालेल्या ५९ स्त्रियांचे गट केले होते. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात १६ टक्के जणींच्या मणक्यात पुढे नवी मोड दिसली, पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के जणींच्या. अभ्यास छोटा आहे, पण फरक एवढा मोठा आहे की मी तो विसरू शकत नाही. उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, पाठीला पोक येत असेल, साध्या पडण्याने मनगट मोडलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून हाडांची घनता मोजून घ्या आणि तो रिपोर्ट शिकवणाऱ्याला दाखवा. अशा बाईंना पिलाटेस वर्ज्य नाही. पालथं झोपून छाती उचलणं, कुशीवर झोपून पाय उचलणं, खांद्यांच्या आधाराने कंबर उचलणं एवढ्यावरही चांगला तास होतो.

ज्यांची मणक्यातली गादी सरकली आहे आणि पायात कळ जाते, त्यांनीही पुढे वाकणं सध्या बाजूला ठेवावं. काचबिंदू असेल तर डोकं खाली आणि पाय वर जाणारे व्यायाम नकोत, डोळ्यातला दाब वाढतो. रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडायचा नाही. गरोदर बाईने आपल्या डॉक्टरांना विचारूनच यावं, आणि चौथ्या महिन्यानंतर फार वेळ उताणं झोपू नये, कारण गर्भाशयाचं वजन आतल्या मोठ्या शिरेवर येतं.

बाळंतपणानंतर पोट कमी करायच्या घाईने येणाऱ्या मुली पाहिल्या की मी आधी त्यांना झोपवून मान जराशी उचलायला लावते. बेंबीच्या वर-खाली मधोमध उभा उंचवटा वर येत असेल, तर पोटाचे उभे स्नायू अजून एकमेकांपासून दूर आहेत. त्यावर मान उचलून करायचे व्यायाम लादले तर फटीवरचा ताण वाढतो. त्या मुलीने श्वासाच्या व्यायामापासून सुरुवात करायची, सासूबाई काही म्हणोत, मैत्रिणी काही म्हणोत. सिझेरियन झालं असेल तर आणखी सबुरी.

शिकवणारा कसा निवडायचा? २००० साली अमेरिकेतल्या न्यायालयाने पिलाटेस या नावावर कुणा एकाची मालकी नाही, असा निकाल दिला. चांगलं झालं, विद्या मोकळी झाली. पण त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो. संपूर्ण प्रशिक्षण ४५० तासांच्या आसपास असतं, आणि शनिवार-रविवारी ऑनलाइन मिळणारं प्रमाणपत्रही असतं. किती तास शिकलात, असं बेधडक विचारा. त्याहून महत्त्वाचं, त्यांनी तुम्हाला काय विचारलं ते बघा. आजार, शस्त्रक्रिया, गोळ्या यांतलं काहीही न विचारता चटई अंथरायला सांगत असतील, तर नमस्कार करून निघावं. आपल्या तालमींत नव्या पोराला वस्ताद लगेच कुस्तीला उतरवत नाहीत. आधी त्याचं अंग, त्याची चाल निरखतात. पिलाटेसलाही ती नजर लागते, म्हणूनच पहिले दोन-तीन महिने व्हिडिओवर भागवू नये. पाठ उचलली गेली हे तुम्हाला झोपल्या झोपल्या कळत नाही, समोर उभ्या असलेल्याला कळतं.

सामान फारसं लागत नाही. यंत्राशिवाय सगळी सुरुवात होते. योगाची पातळ मॅट मात्र पाठीच्या मणक्यांना टोचते. जाड मॅट नसेल तर जमखान्यावर घडी घातलेली वाकळ टाका, नुसत्या शहाबादी फरशीवर नको. केसांचा अंबाडा मागे बांधला की डोकं टेकत नाही आणि मान तिरपी राहते, तेव्हा वेणी घालून या. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या. रविवारी पांढरा-तांबडा रस्सा झाला असेल तर त्याहून जास्त.

पहिल्याच दिवशी ज्याचं आकर्षण असतं तो व्यायाम म्हणजे 'हंड्रेड'. मान आणि पाय उचलून धरायचे, हात वरखाली हलवायचे, पाच ठोक्यांत श्वास आत, पाच ठोक्यांत बाहेर, असे दहा श्वास. मी नवशिक्यांची मान टेकवून आणि पाय जमिनीवर ठेवूनच तो घेते. मान दुखायला लागली याचा अर्थ पोटाचं काम मानेने उचललं आहे.

वजन उतरवायला पिलाटेस पुरत नाही. त्यासाठी रंकाळ्याच्या फेऱ्या किंवा विद्यापीठाच्या आवारातलं चालणं हवंच. कंबरदुखीला उपयोग होतो का? २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेने दहा चाचण्या, ५१० रुग्ण तपासले. काहीच विशेष न करण्यापेक्षा पिलाटेस बरं, पण दुसऱ्या व्यायामांपेक्षा सरस असल्याचा ठोस पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. माझा अनुभवही तसाच आहे. गुजरीत दिवसभर मान खाली घालून सोन्याची नक्षी करणाऱ्या एका कारागिरांना मी छाती उचलायचे व्यायाम जास्त दिले, पोटाचे कमी. त्यांना आराम पडला, कारण त्यांचं अंग दिवसभर पुढेच वाकलेलं असतं. उभ्याने भाकऱ्या करणाऱ्या बाईला मी वेगळं देईन.

खाली बसता-उठता येत नाही म्हणून कित्येक आज्या दारातूनच परत जातात. त्यांनी जाऊ नये. दिवाणावर झोपून श्वासाचा व्यायाम होतो. खुर्चीत टेकून न बसता ताठ बसलं आणि श्वास सोडताना एकेक पाय टीचभर उचलला, तरी कमरेला काम मिळतं. ओट्याला हात धरून टाचा उचलायच्या, वर तीन आकडे थांबायचं, सावकाश खाली यायचं. दूध तापेपर्यंत एवढं सहज होतं.